पापड, कुरडया व इतर

नाही, पण ‘इतर’ ही शिवी आहे का, तुम्हीच सांगा! इ-त-र. ना काना, ना मात्रा, पहिलीच्या पोरांना फळ्यावर लिहून द्यावा इतका साधा शब्द, आणि तेवढ्या एका शब्दापायी माझ्या सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, आणि तेही कधी, तर ऐन वैशाखात, गच्चीवर ऊन रणरणतंय, वाळवणाचा हंगाम डोक्यावर, पातेल्यात ज्वारी भिजत पडलेली, आणि ह्या बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून... आणि तो शब्द मी लिहिला होता कुठं? चौकातल्या फलकावर? पेपरात? नाही हो, वेबसाइटवर! जी त्या दिवशी मी, माझा नवरा आणि आमचे सर एवढे सोडून अख्ख्या त्रिभुवनात कुणाला दिसतही नव्हती.

हसू नका. तुमच्या घरात व्हायचंय अजून.

तर तुम्हाला सांगते, मी मंजुषा. नाशकात द्वारकेच्या चौकामागं आमची कॉलनी, आणि कॉलनीत आमचा ‘शिदोरी’ महिला बचत गट. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, लोणची, मसाले, जे म्हणाल ते. आतापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणजे कसा, की सकाळी मी कुरडयांचा फोटो टाकायचा, त्यावर सगळ्यांनी हात जोडायचे, ‘सुंदर ताई’ म्हणायचं, मग कुणीतरी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकायचा, आणि त्या सुविचाराखाली एखादीची पाच किलोची ऑर्डर गाडली जायची ती सापडायची थेट दसऱ्याला. मग गटात ठरलं, वेबसाइट करायची. कुणी करायची? तर जिनं बारावीला कॉम्प्युटर घेतला होता तिनं. म्हणजे मी. आता आमच्या वेळचा बारावीचा कॉम्प्युटर म्हणजे काय, त्याला प्लास्टिकचं कव्हर असायचं आणि आम्ही वर्षभर ते कव्हर बघितलं. पण हे गटाला कोण समजावणार?

लावला क्लास. अमोल सर. माणूस सोन्यासारखा, पण बोलण्यात मराठी कोथिंबिरीएवढं, आपलं वरून भुरभुरवलेलं. मला वाटलं पहिल्या दिवशी रंग निवडायचे असतील, मी मनात डाळिंबी रंग धरूनच गेले होते. सर म्हणाले, ‘नो नो मॅडम, कलर लास्ट. आधी इन्फर्मेशन आर्किटेक्चर.’ मी घरी येऊन सांगितलं, तर आमचे हे, प्रफुल्ल म्हणून, अंबडला कारखान्यात आहेत, बोलतात कमी पण बोलले की असलंच... म्हणाले, ‘आर्किटेक्चर? मग महापालिकेची परवानगी काढ. आणि वर गच्ची टाकू नकोस, लगेच पापड घालशील.’

पण खरं सांगू का, विषय मला भलताच आवडला. घर बांधायच्या आधी आपण ठरवतो ना, की ओटा कुठं, देव्हारा कुठं, देव्हाऱ्याला लागून संडास नको, तसंच ते. आपल्याकडं काय काय आहे ते आधी सगळं मांडायचं, एकासारखं एक जवळ ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, आणि दारात आलेल्या माणसाला तिथवर नेणारी वाट काढायची. झालं शास्त्र. आणि ह्या सगळ्याचा एक मंत्र, तो सरांनी फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहिला... माणूस कुठं शोधील? ‘मॅडम, वस्तू तुम्हाला कुठं ठेवावीशी वाटते, नॉट इम्पॉर्टंट. माणूस कुठं शोधील? दॅट्स ऑल.’

बाई गं. इतकं खरं वाक्य मला उभ्या आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. माझं निम्मं आयुष्य शोधण्यात गेलंय हो! गॅसचं पुस्तक शोधा, ह्यांचा चष्मा शोधा, बाटल्यांची झाकणं शोधा... आणि आमच्या घरातले डबे! तुम्हाला सांगते, आमच्याकडं नावं छापलेल्या डब्यांची एक उतरंड आहे. ज्यावर ‘साखर’ लिहिलंय त्यात रवा. ज्यावर ‘रवा’ लिहिलंय त्यात साखर. ‘चहा’मध्ये सुईदोरा आणि जुनी बटणं. का? तर पहिल्यापासून तसंच आहे. मी म्हटलं, हे आर्किटेक्चर आहे का? माणूस कुठं शोधील? आणि त्या संध्याकाळी मी साखर साखरेत टाकली, रवा रव्यात टाकला, हात धुतले आणि फार समाधानानं झोपले.

पहाटे ह्यांनी उठून चहा टाकला. दिवा न लावता. आता अंधारात माणूस वाचतो का? हात घालतो. हात सवयीनं गेला ‘रव्या’च्या डब्यात, दोन चमचे, तीन कपांचे सहा चमचे... आणि चहा उतू जायच्या ऐवजी फुगायला लागला. हे ढवळतायत, तो घट्ट होतोय, हे आणखी पाणी घालतायत... शेवटी तसाच कपात ओतून आईंच्या पुढं ठेवला. आमच्या सासूबाई, यशोदाबाई, मूळच्या सटाण्याच्या, बोलणं सगळं तिकडचं. त्यांनी कपात बघितलं, कप हलवला, कपातलं काही हललं नाही. म्हणाल्या, ‘चांगला शे. पण चमचा दे.’

तर अशी माझी सासू. चिडली नाही, ओरडली नाही, चहा खाल्ला आणि गच्चीवर गेली. आमचं दोघींचं असंच चालायचं. दिवसभर एकमेकींना चिमटे काढायचे आणि चार वाजता समोरासमोर बसून चहा प्यायचा. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

मग आला धडा दुसरा. सर म्हणाले, ‘टुडे, लेबलिंग. म्हणजे नावं ठेवणं.’ मी म्हटलं, सर, हा धडा सोडा, ह्यात आमचा गट पहिल्यापासून तयार आहे. मग तिसरा धडा, वाट. ‘मॅडम, आपण कुठं आहोत, कुठून आलो आणि इथून कुठं जाता येईल, ह्या तीन गोष्टी माणसाला एव्हरी मोमेंट दिसल्या पाहिजेत.’ मी म्हटलं, सर, द्वारकेच्या चौकात मधोमध उभी राहिले की ह्या तिन्हीतलं मला एकही कळत नाही, आणि मी लग्न होऊन आल्यापासून तिथंच राहते. सर म्हणाले, ‘एक्झॅक्टली! आपली वेबसाइट द्वारका नाही झाली पाहिजे.’ हे मी वहीत लिहून घेतलं.

आणि मग सरांनी ते चिठ्ठ्यांचं खूळ काढलं. एकेका वस्तूची एकेक चिठ्ठी करायची, बायकांपुढं ठेवायची, त्यांना सांगायचं लावा गटागटानं, आणि आपण गप्प बसायचं. फक्त बघायचं. आता मी गप्प बसायचं, हा काय लहान त्रास आहे का? पण बसले. आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकली, चिठ्ठ्या मांडल्या, मध्ये चिवड्याचं ताट, आणि एका खुर्चीवर अमोल सर.

पहिल्या पुढं झाल्या कुसाबाई. त्यांनी भराभर चिठ्ठ्या उचलल्या आणि ढीग केले, हा माझा, हा स्नेहलचा, हा मागच्या गल्लीतल्या वहिनींचा. सर म्हणाले, ‘काकू, वस्तूप्रमाणं लावा, माणसाप्रमाणं नाही.’ कुसाबाई म्हणाल्या, ‘आस्सं कसं? कुनी मागितलं तर कुनाच्या दारात धाडायचं ते नको कळाया?’ सर हसले, मीही हसले, शिकलेली ना मी! मग स्नेहल, ती नवीन सून, हुशार, तिनं केलं तळायचं, भाजायचं, शिजवायचं. बरं चाललं होतं हो... आणि तिनं एक ढीग केला ‘उपवासाचं’.

संपलं. साबुदाण्याच्या चकल्या तिनं त्यात टाकल्या, तर एक म्हणाली, ‘ह्यात जिरं आहे, आमच्यात जिरं चालत नाही.’ दुसरी म्हणाली, ‘आमच्यात जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही.’ तिसरी म्हणाली, ‘आमच्यात मिरची चालते पण हिरवी.’ कुसाबाई म्हणाल्या, ‘आमच्यात एकादशीला भगर नाय चालत, सोमवारी चालती.’ ‘मग शंकराला चालते ती विठोबाला का नाही?’ ‘ते तू विठोबाला विचार!’ सर खुर्चीवरून उठून उभे राहिले, म्हणाले, ‘वन मिनिट, हे सगळे एकाच कॉलनीतले युजर आहेत?’ आणि तुम्हाला सांगते, हे सगळं रामायण चाललं होतं गुरुवारी, आणि ज्या दोघी सगळ्यात जोरात भांडत होत्या त्यांचा गुरुवार असतो आणि त्यांच्या तोंडात चिवडा होता.

शेवटी सगळं लागलं. उरली एक चिठ्ठी. बिबडे.

आता बिबडे तुम्हाला माहीत नसतील तर तुमचं दुर्दैव. ज्वारी भिजवायची, आंबवायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची, आणि ते पीठ गरम असतानाच ओल्या फडक्यावर हातानं थापायचं, हात भाजतात, पण गार झालं की संपलं. भाजून खा, तळून खा, नुसतं शेंगदाण्यांबरोबर खा, एकदा सुरू केलं की माणूस थांबत नाही. आमच्या गटात ते एकट्या सासूबाईंना येतात. आता हे बसवायचं कुठं? पापड म्हणावं तर लाटलेलं नाही. कुरडई म्हणावं तर साच्यातून काढलेलं नाही. सगळ्यांनी ती चिठ्ठी हातात घेऊन बघितली आणि खाली ठेवली. आणि सासूबाई कुठं होत्या? वर गच्चीवर. उन्हात. बिबडेच थापत. त्यांना हाक मारावी असं एकीच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. सर म्हणाले, ‘ज्याची जागा ठरत नाही ते टेम्पररी अदर्समध्ये टाका.’ अदर्स म्हणजे इतर. मी टाकलं. घरात नाही का, जे कुठंच बसत नाही ते आपण माळ्यावर टाकतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चहाच्या वेळेला ह्यांना काय हौस आली कोण जाणे, मोबाइल घेतला आणि आईंना वाचून दाखवायला लागले. ‘बघ आई, तुझ्या सुनेनं काय केलंय. पापड... कुरडया... शेवया... लोणची... मसाले... उपवासाचे, कंसात, आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे खात्री करून घ्यावी... व इतर.’

सासूबाई खूश. मान डोलवतायत. म्हणाल्या, ‘मना बिबडा कोठे शेतस?’

ह्यांनी शोधलं. पापडात बघितलं, कुरडयांत बघितलं, मग आपलं खाली खाली जात ‘इतर’ उघडलं. आत बिबडे होते. बिबड्यांच्या खाली पॅकिंगच्या रिकाम्या पिशव्या होत्या, त्याही मीच टाकलेल्या, त्यांचीही जागा ठरली नव्हती ना!

‘इतर म्हंजे काय वं?’ असं मला विचारलं. मी म्हटलं, इतर म्हणजे... हे आपलं... बाकीचे. त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. आणि म्हणाल्या, ‘तू बी माले इतरमा टाकी दिधं.’ आणि उठून गेल्या.

‘तू बी’! ह्यातला तो ‘बी’ ऐकला आणि मला एकदम सटाण्याची ती लग्नपत्रिका आठवली. तुम्हाला सांगते, सटाण्याला सासूबाईंच्या सख्ख्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. आता लग्नपत्रिका म्हणजे काय साधं प्रकरण असतं का? आपली पहिली वेबसाइटच ती! निमंत्रक वेगळे, प्रेषक वेगळे, मामा एका कोपऱ्यात, काका दुसऱ्या कोपऱ्यात, तळाशी पोरासोरांची किलबिल. आणि ती पत्रिका आली, सासूबाईंनी वाचली, वरपासून खाली, परत खालून वर. नवऱ्या मुलाची सख्खी आत्या, जिनं त्याच्या बारशाला त्याच्या कानात नाव सांगितलं, तिचं नाव नाही! शेवटची ओळ, ‘व इतर आप्तेष्ट’. बस. सासूबाई लग्नाला गेल्या नाहीत. भाऊ घ्यायला आला, दारातून परत गेला. त्याला वर्षं लोटली, तेव्हापासून सटाण्याशी शब्द नाही. पाठच्या भावाशी नाही बोलत बाई एका ‘इतर’पायी, आणि मी तर पडले सून! माझा नंबर कधी लागायचा?

आणि नुसत्या गप्प असत्या तर चाललं असतं हो. पण त्या बोलायच्या, फक्त माझ्याशी नाही. जेवायला हाक मारली तर भिंतीला सांगायच्या, ‘आधी बाकीनास्ले वाढ म्हना, इतर मंग जेवतीन.’ पंखा लावू का विचारलं तर ह्यांना सांगायच्या, ‘इतरले गरम होत नही.’ भिजलेली ज्वारी मी पुढं नेऊन ठेवली, आई, वास यायला लागलाय, बिबडे करायचेत ना? तर मांजरीकडं बघून म्हणाल्या, ‘पापडवाल्या बायका करतीन.’ ज्वारी गेली. चार वाजता मी एकटीच चहा घेऊन बसायचे, समोर रिकामी खुर्ची, आणि खरं सांगते, चहा तसाच गार व्हायचा. मला त्यांचे चिमटे हवे होते हो.

मग मी दुरुस्ती करायला घेतली. बिबडे उचलले आणि पापडात टाकले. ह्यांनी वाचून दाखवलं. भिंतीला उत्तर मिळालं, ‘पापड कोनले बी येतस.’ बरं, पापडातून काढले आणि बिबड्यांचा स्वतंत्र वर्ग केला, वर, ठसठशीत. सर म्हणाले, ‘मॅडम, एका वस्तूचा वर्ग नसतो.’ सरांचं जाऊ द्या, पण संध्याकाळपर्यंत कुसाबाई दारात. ‘बिबड्यांला येगळी खोली, मंग माझ्या शेवया काय वसरीत झोपत्याल?’ दिली खोली. मग स्नेहलचा आवळा सुपारीचा वर्ग, मग वहिनींच्या भाजणीचा, मग जिचा माल काहीच नाही, नुसतं पॅकिंग करते, ती म्हणाली पॅकिंगचा वर्ग नको का? असं करता करता जितक्या वस्तू तितके वर्ग झाले आणि सगळ्यांच्या तळाशी एक ‘इतर’ राहिलं, त्यात त्या रिकाम्या पिशव्या. सरांनी मोबाइल बघितला, खूप वेळ बघितला, मग शुद्ध मराठीत विचारलं, ‘हे काय आहे?’ मी म्हटलं, सर, हे मानपान आहे.

आणि सासूबाई? त्यांच्यावर काडीचा परिणाम नाही. एकदा पत्रिका छापली की छापली.

शेवटी सर म्हणाले, ‘मॅडम, आता टेस्ट करू. बाहेरचा माणूस आणा. जो तुमच्या घरी कधीच येत नाही, ज्याला तुमची काहीच माहिती नाही. त्याला मोबाइल द्या, म्हणा बिबडे शोध, आणि तुम्ही गप्प बसा.’ परत गप्प! मी घरी येऊन विचार करतेय, आपल्या घरी कधीच येत नाही असा माणूस कोण? आमच्या घरी दूधवाला येतो, कुरियरवाला येतो, सगळी कॉलनी येते. आणि आमचे हे, जेवता जेवता, वर न बघता म्हणाले, ‘सटाण्याचे येत नाहीत.’

तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला. त्या पत्रिकेतली नवरी, पूजा, आता नाशिकरोडलाच राहते. मी फोन केला, म्हटलं पूजा, मला एक बाहेरचा माणूस हवाय. तिला वाटलं मी टोमणा मारते! मग सगळं समजावून सांगितलं तेव्हा म्हणाली, ‘वहिनी, आत्याबाई असतील का घरी?’ मी म्हटलं, असतील, पण भिंतीशी बोलत असतील.

आली. घाबरत आली. हॉलमध्ये मी, हे, अमोल सर, आणि कोपऱ्यात खाटेवर सासूबाई, पाठ आमच्याकडं, लसूण सोलतायत. पूजा पाया पडली तर पाय मागं घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. सरांनी मोबाइल तिच्या हातात दिला आणि विचारलं, ‘तुम्हाला बिबडे हवेत. शोधा.’ तिनं शोधायला घेतलं. अंगठा वर, अंगठा खाली. मला बोलायचं नाही! मी पदर तोंडात धरून बसले. हा मेनू आमचा लांबलचक, त्यात एकेक नवा वर्ग वर चढत गेला आणि बिबडे पार आवळा सुपारीच्या खाली लपलेले. ती पापडात गेली. परत आली. वाळवण शोधलं, नव्हतंच. एकदा ‘इतर’पर्यंत गेली आणि तिथून मागं वळली. सर म्हणाले, ‘ते का नाही उघडलं?’ तर म्हणाली, ‘त्यात काय असणार, फुटकळ असेल काहीतरी.’

खाटेवरचं लसूण सोलणं थांबलं.

आणि मग पूजानं तो मोबाइल खाली ठेवला. सर म्हणाले, ‘मॅडम, टास्क पूर्ण नाही झाला.’ पण तिचं सरांकडं लक्षच नव्हतं. ती खाटेकडं वळली आणि म्हणाली, ‘आत्याबाई, तुमचे बिबडे कुठं ठेवलेत हो ह्यांनी?’

सासूबाई वळल्या. तिच्याकडं बघितलं. आणि इतक्या वर्षांनी माहेरच्या माणसाशी पहिलं वाक्य बोलल्या, ‘इतरमा देख. माले तठेच ठेवतस सगळा.’

पूजाचे डोळे भरले. मला वाटलं आता रडारड. तर ती म्हणाली, ‘आत्याबाई, त्या पत्रिकेचं मनाला लावून घेतलंत ना? अहो, त्यात माझं तरी नाव कुठं नीट होतं! पूजाचं छापलं होतं पुंजा. चिरंजीव अमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी पुंजा. वऱ्हाडी मांडवात येऊन विचारत होते, हा पुंजा कोण गडी? माझे चुलते तर म्हणाले, आधी नवरी बघू, मग अक्षता टाकू.’

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. मला कळेना, रडतात की काय... आणि मग आवाज फुटला. हसत होत्या हो! ‘पुंजा... पुंजा...’ म्हणायच्या आणि परत हसायच्या, डोळ्यांतून पाणी, हे हसतायत, सर हसतायत, पूजा हसत हसत रडतेय, आणि मला अजून कुणी बोलायची परवानगी दिली नव्हती म्हणून मी तशीच पदर धरून. मग सासूबाईंनी डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं नाही, माझ्याकडं, आणि म्हणाल्या, ‘देखत काय बसनी? बिबडा भाज. पोरगी भुकेली शे.’ तुम्हाला सांगते, इतकं गोड मला कुणी कधी खेकसलं नव्हतं.

पूजानं जाताना सासूबाईंना त्यांच्या भावाचा फोन लावून दिला. त्या दोघांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, दार लावून घेतलं होतं, पण ‘पुंजा’ हा शब्द बाहेर दोनदा ऐकू आला.

आणि वेबसाइट? सर त्या दिवशी बिबडे खात खात म्हणाले, ‘मॅडम, आन्सर मिळालं. त्यांनी वस्तू शोधली नाही, माणूस शोधला. मला कुसाबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मीच हसलो.’ मग सगळा मेनू पुसला आणि नवीन लिहिला. यशोदाबाईंचे बिबडे. कुसाबाईंच्या शेवया. स्नेहलची आवळा सुपारी. कुणाला खोली कमी नाही, कुणाला जास्त नाही. माणूस कुठं शोधील? तर नावात शोधील. लागली ना आता चालायला! सटाण्याहून ऑर्डरी येतात बिबड्यांच्या, आणि ‘इतर’ मी कायमचं उडवून टाकलं. रिकाम्या पिशव्या माळ्यावर ठेवल्या.

असं मला वाटलं. पण एक पान राहिलं होतं. ‘आमच्याविषयी’. सर म्हणाले, गटातल्या सगळ्यांची नावं टाका. सासूबाईंनी सांगायची आणि मी टाइप करायचं. पहिलं नाव यशोदाबाई, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग कुसाबाई, वयाच्या मानानं. मग स्नेहल, नवीन सून, तिला मागं टाकलं तर तिच्या माहेरचे काय म्हणतील? मग वहिनी, मग पॅकिंगवाली, ती आधीच रुसलेली... असं एकेक नाव, एकेक मान, आणि मी शेवटाला आले, स्वतःचं नाव लिहायला बोट उचललं, तर सर म्हणाले, ‘स्टॉप, मॅडम. मोबाइलवर पान कापलं जातंय. नावांचे कप्पे संपले, एक नाव काढा, नाहीतर खाली अदर्स टाका.’

मी सगळ्यांकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आता कुणाचं नाव काढू? जिचं काढीन ती उद्यापासून माझ्याशी बोलणार नाही. अख्ख्या गटात अशी एकच बाई, जी रुसली तरी माझ्याशी बोलणं बंद करू शकत नाही. कोण?

टाकलं. ‘...व इतर.’ आणि त्या इतरात, तुम्हाला सांगते, पूर्ण एकटी मी आहे, दुसरं चिटपाखरू नाही. माझं फारसं काही म्हणणं नव्हतं. पण ह्यांनी ते पान चार वाजता चहाच्या वेळेला आईंना वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात माझं मंजुषा हे नाव बंद झालंय. आत्तासुद्धा, ऐका, ऐकू येतंय का आतून?... ‘इतर वं! चहा टाक!’

आले, आई. साखर कोणत्या डब्यात ठेवलीय?